हाली की कलदार? कंपायलरच्या कोठाराची हकीकत

आपल्या परभणी जिल्ह्यात एके काळी दोन रुपये चालत. एक निजाम सरकारचा हाली शिक्का आणि दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. म्हणायला दोन्ही रुपयेच; पण सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती पडत. म्हणून व्यवहारात नुसता आकडा सांगून भागत नसे. 'शंभर रुपये' म्हटले की समोरचा विचारणारच: हाली की कलदार? १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५१ मध्ये नवा हाली रुपया निघायचा बंद झाला, तरी जुना चालत राहिला. तो रद्द झाला १९५९ मध्ये.

आता समजा, एखाद्या नवख्या कारकुनाने ७०० हाली आणि ६०० कलदार या दोन रकमा एकाखाली एक मांडल्या आणि बेरीज केली १३००. अंकगणिताच्या दृष्टीने बेरीज चोख आहे, तिच्यात एका पैची चूक नाही. पण हे १३०० आहेत तरी काय? ते हालीही नाहीत आणि कलदारही नाहीत. खरे उत्तर १४०० हाली किंवा १२०० कलदार. चूक आकड्यात नव्हती, आकड्याच्या शेजारी जो शब्द लिहायचा राहिला त्यात होती.

संगणकाच्या पोटात नेमकी हीच अडचण आहे. तिथे सगळेच शून्य आणि एक यांच्या ओळींनी लिहिलेले असते. तीच ओळ एका ठिकाणी संख्या असते, दुसरीकडे अक्षर, तिसरीकडे कुठल्या तरी जागेचा पत्ता. नुसत्या ओळीकडे पाहून ती काय आहे हे ओळखता येत नाही. तेव्हा कोणी तरी प्रत्येक वस्तूचा प्रकार ध्यानात ठेवायला हवा, आणि ती वस्तू कोठारात कुठे ठेवली, किती दिवस ठेवायची, हेही. ही दोन्ही कामे आज बव्हंशी कंपायलर करतो. कंपायलर म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवून देणारा दुभाषा. पण नुसता दुभाषा नव्हे; तो हिशेब तपासणारा मुनीमही आहे आणि गोदामाची चावी कमरेला लावलेला कोठावळाही.

पहिल्या दिवसांत यातले काहीच नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी आपल्या देशात बांधलेला पहिला मोठा सर्वोपयोगी संगणक उभा केला. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नाव ठेवले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत, आणि प्रत्येक शब्द ४० अंकांचा, म्हणजे शून्य-एकांचा. आजच्या मापाने ही जागा साधारण १० किलोबाइट भरते. आपण वाचता आहात तो हा छोटासा लेखसुद्धा तीत मावला नसता! त्यावर काम करणाऱ्या माणसाला कुठल्या खणात काय ठेवले हे कागदावर लिहून ठेवावे लागे. संख्या म्हणून ठेवलेली वस्तू चुकून आज्ञा म्हणून वाचली गेली, तर यंत्र बिचारे मुकाट्याने तीही पाळायला निघे. त्याला काय कळणार?

अमेरिकेत तोवर दुभाष्याचा जन्म झाला होता. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत फोरट्रान भाषा आणि तिचा कंपायलर तयार केला, तो १९५७ मध्ये लोकांच्या हाती आला. प्रकार ओळखण्याची त्याची रीत मोठी गमतीची होती. नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असले तर ती पूर्णांक संख्या, नसले तर दशांशाची. घराण्याच्या नावावरून जावई निवडण्यासारखाच हा प्रकार, पण चालला! जागेच्या बाबतीत तो त्याहून कडक. प्रत्येक वस्तूला सुरुवातीलाच ठरावीक खण नेमून द्यायचा, मग ती वापरात असो वा नसो. यामुळे एखादी उपक्रिया स्वतःलाच पुन्हा बोलावू शकत नसे, कारण तिच्या दुसऱ्या फेरीच्या सामानाला खणच नसे. १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला आणि आपल्याकडच्या कितीतरी शास्त्रज्ञांनी फोरट्रानचे पहिले धडे त्यावर गिरवले.

पुढे कोठाराच्या दोन रीती निघाल्या आणि आजतागायत त्याच दोन चालत आहेत. त्या समजायला आपल्या मोंढ्यातले गोदाम डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात पोत्यांची थप्पी लागलेली आहे. शेवटी ठेवलेले पोते सर्वांत वर, आणि काढायचे झाले तर आधी तेच निघणार. मधले पोते ओढले तर थप्पी अंगावर येईल. संगणकातही एक क्रिया सुरू झाली की तिचे सामान थप्पीवर चढते, क्रिया संपली की उतरते. अल्गोल ६० या भाषेच्या निमित्ताने ही रीत रूढ झाली. डच गणिती एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये ती फार स्वच्छपणे मांडली. स्वतःला बोलावणाऱ्या क्रियेची अडचण इथे सुटते. दर फेरीला थप्पीवर नवे पोते चढते, एवढेच.

पण सगळाच माल थप्पीच्या शिस्तीत बसत नाही. आज आलेला उद्या जातो, काल आलेला सहा महिने पडून राहतो. अशा मालासाठी गोदामाची मोकळी जागा. येईल त्याला मिळेल तिथे ठेवायचे आणि हातात पावती द्यायची, अमुक माल अमुक जागी म्हणून. या मोकळ्या जागेला संगणकवाले 'ढीग' म्हणतात आणि पावतीला 'पॉइंटर'. एका मालाच्या चार पावत्या चौघांकडे असू शकतात. सगळी रामकहाणी इथूनच सुरू होते, बरं का! पावती कोणाकडे तरी असताना जागा रिकामी करून दुसऱ्याला दिली, तर जुना पावतीवाला येऊन परक्याचे पोते उचलून नेतो. जागा कधीच रिकामी केली नाही, तर गोदाम तुंबते. आणि नेमून दिलेल्या जागेपेक्षा जास्त माल कोंबला, तर तो शेजाऱ्याच्या हद्दीत सांडतो. १९८८ च्या नोव्हेंबरात एका विद्यार्थ्याने सोडलेला 'मॉरिस वर्म' हजारो संगणकांत शिरला, त्याची एक वाट अशा सांडण्यातूनच गेली होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले की, तिने दरवर्षी बुजवलेल्या सुरक्षेच्या भगदाडांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशाच चुकांतून पडलेली होती.

मोकळी जागा कोणी झाडायची, याला दोन उत्तरे मिळाली. लिस्प भाषेचे कर्ते जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिहिले की, हे काम यंत्रानेच करावे. अधूनमधून सगळ्या पावत्या तपासाव्यात आणि ज्या मालाची एकही पावती उरली नाही तो बाहेर काढावा. याला 'कचरावेचणी' म्हणतात. दुसरे उत्तर डेनिस रिची यांच्या सी भाषेचे, १९७२ च्या सुमाराचे. तिने सांगितले, जागा तू मागितलीस, परतही तूच कर. सी ही ज्या बी भाषेतून निघाली, तिच्यात प्रकारच नव्हते, सगळेच एका मापाचे शब्द. नव्या यंत्रात एक-एक अक्षर वेगळे हाताळायची सोय आली, तेव्हा अक्षर कोणते आणि संख्या कोणती हे सांगणे भाग पडले. हाली-कलदाराचा प्रश्न त्यांनाही चुकला नाही.

तो न विचारल्याने काय होते याचे एक महागडे उदाहरण आहे. अमेरिकेने मंगळाकडे पाठवलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचले आणि नाहीसे झाले. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम जोराचे आकडे पौंडांच्या मापात देत होता, दुसरा तेच न्यूटनच्या मापात समजून घेत होता. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. कंपायलरच्या लेखी दोन्ही केवळ संख्या. त्याला कोणी प्रकार सांगितलाच नव्हता, मग त्याने अडवावे तरी कशाला?

या साऱ्या विद्येत आपल्या महाराष्ट्राचा वाटा कोणता, असे आपण विचाराल. तो पवईच्या आयआयटीत सापडतो. तेथले प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांची कंपायलर आणि सिस्टिम प्रोग्रॅमिंगवरची पुस्तके गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी परीक्षेसाठी झिजवली. त्यांना ते पाठ्यपुस्तकाचे लेखक म्हणून ठाऊक. पण त्यांचे संशोधन दूरवर वाचले गेले. एकच आकडेमोड प्रोग्रॅममध्ये दोन वाटांनी येते आणि उगाच दोनदा होते. ती नेमक्या कोणत्या जागी हलवली म्हणजे एकदाच होईल, हा त्यांचा विषय. १९८८ पासूनच्या त्यांच्या लेखांनी या शोधाची रीत सोपी आणि वेगवान केली. आकडेमोड एकदाच केली, की तिचे उत्तर जवळ ठेवायला जागा हवी, आणि यंत्राच्या अगदी हाताशी असलेल्या जागा, ज्यांना रजिस्टर म्हणतात, त्या फार थोड्या. पूर्णा जंक्शनचे फलाट आठवा. एकाच वेळी उभ्या राहणाऱ्या दोन गाड्यांना एक फलाट देता येत नाही, पण एक निघून गेल्यावर येणारीला तोच देता येतो. कोणती वस्तू कधीपासून कधीपर्यंत 'जिवंत' आहे हे कळले, तरच हे वाटप जमते.

हा जिवंतपणाचा विचार पवईतच पुढे मोकळ्या जागेपर्यंत गेला. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा २००७ सालचा लेख मला या हकीकतीतला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. कचरा वेचणारा काय पाहतो? पावती आहे की नाही, एवढेच. पण पावती खिशात आहे म्हणून मालक माल न्यायला येणारच, असे थोडेच असते? कितीतरी पावत्या खिशात तशाच पडून राहतात आणि त्यांच्यापायी गोदामाचे कोपरे अडतात. या तिघांनी विचारले की, प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच तो वाचून सांगता येईल का, की या ठिकाणानंतर अमुक पावती कोणीही वापरणार नाही? अडचण अशी की, ढिगातल्या मालाला नाव नसते. तिथे पोचायचे ते पावतीवरून पावतीवर, एकीत दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा. ही साखळी किती लांब होईल याला सीमा नाही. मग न संपणाऱ्या वाटा मोजक्या जागेत मांडायच्या कशा? त्यांनी वाटांचे छोटे नकाशे काढले. तीच वाट पुन्हा पुन्हा येत असेल तर नकाशात ती वळून स्वतःलाच मिळते, आणि अनंत वाटा चार खुणांत बसतात. नकाशा हाती आल्यावर कंपायलर योग्य जागी एक बारीकशी आज्ञा घालतो, की ही पावती फाडून टाक. मग वेचणाऱ्याला तो माल निर्धास्त उचलता येतो. वेचणाऱ्याच्या यंत्रणेला हात लावायची गरजच नाही, यातच त्या युक्तीची खुमारी आहे.

आता या विद्येतली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट. चालू यंत्रणेचे आतले बांधकाम बदलायचे, आणि बाहेरून काडीचाही फरक दिसू द्यायचा नाही. संगणकवाले याला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. परभणीकरांना हे नवे नाही. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे आलेली गोदावरी खोऱ्याची रेल्वे एक मीटर रुंदीची होती. मनमाडला मुंबईची लाइन साडेपाच फुटी. म्हणून इकडचा कापूस तिथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. डबा चांगला, रूळ चांगले, पण दोघांचा प्रकार जुळत नाही! १९९० नंतरच्या दशकात मनमाडहून परभणी-नांदेडकडे येणारा मार्ग रुंद झाला, पूर्णेहून अकोल्याकडे जाणारा फाटा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. स्टेशनांची नावे तीच, गावे तीच. खालचे रूळ, पूल, डबे आणि इंजिने बदलली. लोकांचे जाणे-येणे तर कायमचे थांबवता येत नव्हते.

कंपायलरमध्ये असाच रूळबदल झाला त्याचे उदाहरण जीसीसी या कंपायलरचे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये लोकांना खुला केला. जगातल्या असंख्य यंत्रांचे प्रोग्रॅम त्यातून गेलेले आहेत. कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रॅमच. त्यालाही काम करताना कोठार लागते. जीसीसीचे जुने कोठार थप्पीच्या धर्तीचे होते. एका कामाचा माल एका रचणीत, काम संपले की सगळी रचण एकदम मोकळी. रीत वेगवान, पण कोणता माल कोणत्या रचणीत टाकायचा हे माणसाने ठरवायचे. तिथे चुकले, की हवा असलेला माल आधीच बाहेर गेलेला असे. म्हणून २००१ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून बहुतेक मालासाठी त्याने आपल्या पोटातच कचरा वेचणारा ठेवला.

तरी एक कोपरा गुंत्याचाच राहिला, तो म्हणजे वाढत जाणाऱ्या याद्यांचा. जीसीसी सी भाषेत लिहिलेला होता आणि सीमध्ये 'कुठल्याही प्रकारच्या वस्तूंची यादी' असे एकदाच लिहून ठेवता येत नाही. म्हणून यादी करण्याचे ठोकळे बनवले होते. संख्यांसाठी वेगळा ठोकळा, पावत्यांसाठी वेगळा, इतर वस्तूंसाठी वेगळा. आणि यादी ठेवायची कुठे, ढिगात, वेचणाऱ्याच्या जागेत की थप्पीवर, त्याप्रमाणे पुन्हा वेगळे. तीन प्रकार गुणिले तीन जागा! प्रत्येक ठिकाणी माणसाने योग्य ठोकळा निवडून आधी जाहीर करायचा. काय वस्तू आणि कुठे ठेवली, हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतले होते की एकाचे उत्तर बदलले तर दुसरे पुन्हा लिहावे लागे.

२०१२ मध्ये डिएगो नोविलो यांनी हे ठोकळे काढले. जीसीसी स्वतः सी भाषेतून सी प्लस प्लस भाषेत नेण्याचे काम तेव्हा चालू होते. त्या नव्या भाषेत यादी एकदाच लिहिता येते. तिचा प्रकार आणि तिची जागा या दोन वेगळ्या अटी म्हणून तिला सांगायच्या, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम कंपायलरचे. शेकडो फाइलींत हात घालावा लागला. २०१३ मध्ये आलेल्या ४.८ या आवृत्तीत हा बदल लोकांच्या हाती गेला आणि वापरणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. सगळेच मात्र जमले नाही. वेचणाऱ्याच्या जागेतल्या याद्यांची मांडणी जुन्याच धर्तीची ठेवावी लागली, कारण वेचणाऱ्याला नवी मांडणी वाचता येत नव्हती. शिवाय यादीत ठेवायच्या वस्तू साध्याच असाव्यात, जशाच्या तशा उचलून दुसरीकडे ठेवता येतील अशा, ही अटही सुरुवातीला होती. रुंद मार्गावर मध्येच मीटरगेजचा तुकडा राहावा तसे हे. मला स्वतःला असे उरलेले तुकडे पाहायला आवडतात. काम कोणत्या अडचणीत झाले ते त्यांच्यावरून कळते.

एवढा बदल करून काही बिघडले नाही, हे ओळखायचे कसे? त्याची कसोटी मोठी मजेदार आहे. जीसीसी स्वतःलाच भाषांतरित करतो. जुन्या कंपायलरने नवा घडवायचा, त्या नव्याने पुन्हा स्वतःला घडवायचे, आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्यांदा. दुसरा आणि तिसरा यांत एका अंकाचाही फरक निघता कामा नये. निघाला, तर कुठे तरी रूळ वाकडा पडला आहे.

२०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेने तर दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी आणले. मालाचा मालक कोण, आणि उसनी दिलेली पावती किती वेळ चालेल, हे वस्तूच्या प्रकारातच लिहिलेले असते. पावती मालापेक्षा जास्त काळ टिकेल अशी शंका आली, तरी कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. नवख्यांना हा जाच वाटतो. सावकाराच्या मुनिमाचाही वाटत असेलच!

जीसीसीकडे परत येऊ. इतका जुना आणि इतक्या हातांनी बांधलेला वाडा बाहेरच्या माणसाला आतून कसा कळणार? आपल्याकडची मुले तो रोज वापरत. पण आत पाऊल टाकायला धजत नसत. पवईला खेडकर यांनी भारत सरकारच्या मदतीने जीसीसीचे अभ्यासकेंद्र चालवले. २०१० च्या आसपास तिथे 'जीसीसीतील आवश्यक संकल्पना' अशा अर्थाच्या नावाने कार्यशाळा भरत. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना त्या कंपायलरची एकेक खोली उघडून दाखवली जाई. त्यात नवी भर कशी घालायची हेही हाताने करून घेतले जाई.

आज जीसीसीचा सगळा मजकूर कोणालाही मोफत वाचता येतो. परभणीच्या, सेलूच्या, गंगाखेडच्या एखाद्या विद्यार्थ्याला वर सांगितलेली यादी पाहायची असेल, तर तिच्या फाइलीचे नाव 'वेक डॉट एच'. आत शिरण्यापूर्वी तिच्या आरंभीचे लांबलचक निवेदन वाचावे. यादी कुठे ठेवावी, कोणत्या प्रकाराची, आणि कोणती जागा कोणी परत करायची, हे तिथे ओळीने लिहून ठेवलेले आहे.